राणीच्या हातचा गहू

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्या राज्यावर ताम्राक्ष मांत्रिकाचा शाप होता. गहू पोटरीत आला, ओंबी बाहेर पडायला झाली, की पानापानांवर तांबेरा पडायचा. शेतातून चाललेल्याचं धोतर नारिंगी व्हायचं आणि ओंब्यांत दाण्यांऐवजी टरफलं निघायची. लेकरं कोंड्याची पेज पिऊन निजत. राजा मोठा हळवा, त्यालाही घास गोड लागेना.

पेरणीच्या तोंडावर गवाक्षात एक साळुंकी येऊन बसली.

"राजा, तीन कामं कर, शाप उतरेल."

"सांग, पक्षिणी."

"अवघं राज्य एकच बी पेरतं, ते मोड. खतपाणी मापात दे. आणि उन्हाळ्यात गव्हाचं एकही हिरवं पान राखू नकोस. मांत्रिक त्याच्यावरच उन्हाळा काढतो."

पहिली दोन कामं हां हां म्हणता झाली. कुणी खपली गहू पेरला, कुणी बन्सी. तांबेरा उशिरा आला, पण आलाच. मग उन्हाळ्यात शिपायांनी बांधाबांधावर आपोआप उगवलेला गहू शोधून उपटला. उरला एकच वाफा, राजाच्या बागेतला. राणी कुमुदिनीनं मरणाआधी तो स्वतःच्या हातानं पेरला होता. सांडल्या दाण्यांतून तो पुन्हा पुन्हा उगवायचा आणि राजा रोज त्याला घागरभर पाणी घालायचा. वेडेपणा म्हणा हवं तर. पण माणूस गेलं की असंच काहीतरी धरून राहावंसं वाटतं.

"चार रोपं ठेवली तर?" राजानं विचारलं.

"त्याला चार पुरतात," साळुंकी म्हणाली.

राजा वाफ्यात गुडघ्यांवर बसला. पानाखाली अंगठ्याएवढा ताम्राक्ष बसला होता, वाळून काटकी झालेला.

"उपटू नकोस, राजा. एवढंच हिरवं उरलंय मला."

"मलाही," राजा म्हणाला आणि रडत रडत त्यानं पहिलं रोप मुळासकट उपटलं. शेवटचं रोप निघालं तेव्हा मांत्रिकाची चिमूटभर धूळ झाली आणि वाऱ्यावर गेली.

पुढच्या वर्षी पानं स्वच्छ राहिली, ओंब्या दाण्यांनी लवल्या. घरोघरी तवे चढले. कुणी फर्मान काढलं नव्हतं, तरी प्रत्येक घरानं पहिली पोळी राणीच्या नावानं बाजूला काढली. राजाला ते कळलं आणि कित्येक वर्षांनी तो पोटभर जेवला.

शेतातली कथा ताटात आली, ऐकणाऱ्यांच्या घरी पोळी फुगो.