बाजारातली ओळख

एका तालुक्याच्या गावात मुरलीधर नावाचा एक माणूस लग्नपत्रिका छापायचा. दुसऱ्यांची लग्नं छापून बोटं काळी झाली, पण त्याचं स्वतःचं काही जमलं नाही, कारण त्याचा जीव पुरुषावर जडायचा. गावात अशी आणखी तेरा माणसं होती. पुरुषावर जीव असलेले पुरुष, बाईवर जीव असलेल्या बायका. मुरलीधरने एकेकाला हुडकून काढलं, धीर दिला, दोघांना तर विहिरीच्या काठावरून मागे आणलं. दर सोमवारी छापखान्याच्या मागच्या खोलीत सगळी जमायची, रडायची, हसायची. त्याला दादा म्हणायची.

दादाचा नियम एकच. बाहेर भेटलात तर ओळख दाखवायची नाही. मान वळवायची आणि चालू पडायचं.

एका सोमवारी झुंबर आली. जन्माला मुलगा म्हणून आलेली, बाई म्हणून जगणारी, बाजारात लिंबं विकणारी. तिला लपता येत नव्हतं आणि लपायचंही नव्हतं. दादाने तिला दारातच अडवलं. म्हणाला, "तू आत आलीस की आम्ही सगळे उघडे पडू."

"मी रोज उघड्यावरच बसते, दादा. दगडही खाते. पण बसते," एवढं बोलून ती गेली.

मग वैशाखात भर बाजारात दादाला ऊन लागलं. पाय लुळे पडले, तोंडातून शब्द फुटेना, मटकन बसला आणि आडवा झाला. लोक म्हणाले, भरदुपारी ढोसलीय याने. दादा दारूला शिवत नाही हे ज्यांना ठाऊक, ती त्याची माणसं त्याच बाजारात होती. पडल्या पडल्या त्याला नुसते पाय दिसत होते. शिवलेल्या अंगठ्याची चप्पल, ती बालवाडीच्या पमाबाईची. पांढरे बूट, ते बँडवाल्या दत्तूचे. पाय थबकले, वळले आणि चालू पडले. मागून तिसरे, चौथे. एवढ्या उन्हात दादाचं काळीज थंड पडलं.

लिंबांची पाटी तशीच टाकून झुंबर धावली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, लिंबू दातांनीच फोडलं. छापखान्यात कोण कोण शिरतं ते तिने पाहिलेलं होतं. तरी एकाचंही नाव तिने घेतलं नाही. पाठ फिरवून निघालेल्या पमाबाईला फक्त म्हणाली, "बाई, बाटलीतलं पाणी द्या. मग जा."

सोमवारी दादाने विचारलं, का थांबला नाहीत? पमाबाई म्हणाली, "आम्ही कुठे चुकलो, दादा? तुम्ही सांगितलं तेच केलं."

दादाला बसल्या जागी थोबाडीत बसल्यासारखं झालं. तसाच उठला आणि झुंबरकडे गेला. म्हणाला, ये, माझ्या जागेवर तू बस.

झुंबर लिंबं पुसत राहिली. "त्या कोंदट खोलीत मी नाही यायची. तुम्हीच इथं या."

पुढच्या बाजारी दादा तिच्या पाटीशेजारी बसला. लोकांनी बोटं दाखवली, एक गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर परत घेऊन गेलं. तेरांपैकी दोघंच आली. दत्तू आला आणि पमाबाई आली. तिने पाण्याची बाटली भरून आणली होती.

तात्पर्य: जीव वाचवायला लपावं लागलं तर खुशाल लपा, पण आपलं माणूस पडलं तर थांबा. जो पुढारी आपल्याच माणसांना ओळख नाकारायला शिकवतो, तो पडतो तेव्हा त्याची माणसं त्याचंच ऐकतात.