उंबरजाईच्या देवळाला पायरी का नाही

या, पण जपून. देवळाला पायरी नाही. उंबरजाईचं दर्शन घ्यायचं तर जोत्यावर हात टेकून, गुडघे घासतच वर चढावं लागतं. मोठमोठे लोक येतात, साधं स्टूल तरी ठेवा म्हणतात. नाही ठेवत आम्ही. आणि पाहुणे, ती सिगारेट आधी विझवा. मग सांगते.

फार पूर्वी या सभामंडपात गावाची बैठक बसायची, असं सांगतात. बैठक म्हणजे चिलीम. सुभानजी पाटलाच्या हातून निघालेली चिलीम न्यायनिवाडा संपेपर्यंत फिरायची. त्या धुराने देवीचा चांदीचा मुखवटा इतका काळवंडला, की एका नवरात्रात चिंच लावून घासला तरी उजळेना. देवी कोपली म्हणे. घाबरलेल्या पाटलाने देवीसमोर शपथ घेतली, की पायरीच्या आत धूर येणार नाही. जो आणेल त्याचा निर्वंश होईल.

चांगलंच झालं. मुखवटा लखलखला, म्हाताऱ्यांचा खोकला थांबला, बायका पहिल्यांदा मंडपात येऊन बसल्या. पण चिलीम काही विझली नाही. तिला सावली हवी होती, म्हणून बैठक उठली आणि शेजारच्या बोळात, ठकूच्या खिडकीखाली जाऊन बसली.

ठकू आमच्याच घरातली. नुकतीच बाळंत झालेली. पोरगी दिवस भरण्याआधी जन्मलेली, श्वास घेतानाही दमणारी. सगळा धूर खिडकीतून बाजेवर. पोर खोकून खोकून निळी पडायची. ठकूने खिडकीत लुगडं कोंबलं, तर आत जीव गुदमरायला लागला. तिची सासू पदर पसरून पाटलासमोर उभी राहिली.

पाटील म्हणाला, "म्हातारे, शपथ पायरीच्या आतली हाय. भाईर आमी काय बी करू."

मुखवट्याला धूर सोसत नाही आणि लेकराला सोसतो! संताप येतो मला, अजून येतो.

ठकूने पहार उचलली. ओली बाळंतीण, ती देवळाची पायरी उखडायला लागली. माणसं ओरडत धावली आणि हातभर अंतरावर थांबली. बाळंतिणीचा विटाळ! शिवायचं कसं? त्यांच्याच सोवळ्याने त्यांचे हात बांधले. लोक सांगतात, दगड फुलासारखा उचलला गेला. थापा आहेत. तिने तो ओढत नेला, मागे रक्त सांडत होतं. बोळाच्या तोंडाशी, त्यांची बैठक आत पडेल असा तो टाकून ती म्हणाली, "ही घ्या तुमची पायरी. आता हिच्या आत वढा चिलीम. वढा की!"

पाटलाने चिलीम उपडी केली. बैठक उठली.

देवीने पोरीला श्वास दिला, असं गावात सांगतात. ऐकायला बरं वाटतं. आमच्या घरात तसं सांगत नाहीत. ठकू आत गेली तेव्हा पोर गार पडली होती.

पायरी पुन्हा देवळाला लागली नाही. आजही गावात कुणाला दिवस गेले, की त्या घराच्या बोळाच्या तोंडाशी पायरी म्हणून एक दगड मांडतात, आणि त्याच्या आत कुणी काडी ओढत नाही. दगड पाटलाच्या घरच्या पुरुषानेच ओढत न्यायचा, एकट्याने. वाटेत दमला तरी कुणी हात लावत नाही. आणि न्यायचा तो मूल जन्मायच्या आधी. नंतर नेलेला आम्ही घेत नाही.