सासऱ्यापुढं रिकामी खुर्ची

कोंडजवळ्याच्या दूध संस्थेत संपतअण्णा दोनदा चेअरमन झाला. दोन्ही वेळा आमच्या दुधाचं फॅट कमी दाखवलं आणि लोणी स्वतः खाल्लं. तिसऱ्यांदा चेअरमन होता येत नाही, असा संस्थेचा नियम. मग या बहाद्दरानं काय केलं? सुनेला, शोभनाला, चेअरमन केलं आणि स्वतः व्हाईस चेअरमनला उभा राहिला.

भर सभेत मिशीवर हात फिरवत म्हणतो, "तिसऱ्यांदा चेअरमन होऊ नये असं लिहिलंय. व्हाईस होऊ नये असं कुठं लिहिलंय?"

तो आत आला तेव्हाच शोभना चेअरमनच्या खुर्चीतून उठली होती. सासऱ्यापुढं सून बसते होय? पदर सावरून भिंतीला चिकटली बिचारी.

मागं बसलेल्या दूधवाल्या बायकांतून अंजाक्का ओरडली, "अण्णा, व्हाईसचं काम काय हो?"

"चेअरमनची खुर्ची रिकामी असली की तिथं बसायचं!"

"मग ती बघा, रिकामीच आहे. तुम्ही आलात की रोज रिकामी होणार. बसा की!"

अण्णा पुढं सरकला आणि थबकला. बसावं तर तिसऱ्यांदा चेअरमन, नियम मोडला. न बसावं तर व्हाईस हवाय कशाला?

"बसा, बसा!" बायका फिदीफिदी हसायला लागल्या.

अण्णा सुनेवर खेकसला, "अगं, तू बस ना तिथं!"

शोभना बसली. चांगली टेकून बसली.

"बसले, मामंजी. आता ही खुर्ची रिकामी व्हायची नाही. मग तुमचं इथं काय काम?"

अण्णा चपला शोधत बाहेर पडला. तरी ती उठली नाही.