अक्काच्या विहिरीचा जोडदोर

हा दोर बघा. मधोमध गाठ दिसतेय ना? अर्धा मराठी खडकेवाडीचा, अर्धा कानडी हिरेकट्टीचा. दरसाली दोन्ही गावांतून नवे तुकडे येतात आणि इथेच त्यांची गाठ मारतात. तुम्ही वह्या काढल्यात, म्हणजे तुमचाही तोच प्रश्न असणार: ‘अक्का’ शब्द मराठी की कानडी? मागच्या वर्षी दोघे असेच आले होते. दोन तास भांडले, आयतं पाणी प्यायले आणि गेले.

असं सांगतात, की ही विहीर निंगव्वा नावाच्या बाईने एकटीने खणली. माहेर हिरेकट्टी, सासर खडकेवाडी. नवरा, पोरं पटकीने नेली, तेव्हा तिने शपथ घेतली, की इथून कुणी तहानलेला परत जाणार नाही. दोन्ही गावं तिला अक्का म्हणायची. इकडे अक्का म्हणजे थोरली बहीण, तिकडेही थोरली बहीणच. आता यात भांडायला काय आहे, सांगा! पण आमचे पूर्वज महाशहाणे.

दुष्काळात बाकीच्या विहिरी आटल्या आणि दोन्हीकडच्या पंचांना एकाएकी भाषेचा पुळका आला. विहीर अक्काची, तर शब्द ज्यांचा त्यांची विहीर, असं ठरलं. निकालापर्यंत कुणीच पाणी ओढायचं नाही, म्हणून विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, दोर उचलून नेले. लांबून शास्त्री आणले. एक म्हणे शब्द आईवरून आला, दुसरा म्हणे देवीवरून. तीन दिवस त्या चिंचेखाली काथ्याकूट चालला. माना डोलावणाऱ्यांत माझा खापरपणजाही होता. लाज वाटते सांगायला.

अक्का तेव्हा इथेच खोपटात तापाने फणफणली होती. पाणी पाणी करत होती, म्हणे. सगळ्यांना ऐकू येत होतं. पण आपण काट्या काढल्या तर समोरचे ओरडतील, म्हणून एक माणूस हलला नाही. शेवटी पंचांना सुचलं, की बाईलाच विचारू. दारात उभे राहून म्हणाले, “अक्का, तू कुणाची?”

“पाणी आणलं असेल त्याची,” ती म्हणाली.

सगळे रिकाम्या हातांनी आले होते. कुणी मागे वळायच्या आत तिचा जीव गेला.

मग धावले! खडकेवाडीने दोर सोडला, तो पाण्याला पोचेना. हिरेकट्टीचाही अपुरा पडला. आठवड्यापूर्वी हेच दोर पुरत होते. अखेर दोन्हीकडच्या दोन बायकांनी पंचांच्या हातातले दोर हिसकावले, एकाला एक बांधले, तेव्हा कुठे कळशी भरली. मेलेल्या बाईच्या तोंडात पाणी घातलं आमच्या शूरवीरांनी.

आजही गाठ सोडली तर दोर पाण्याला लागत नाही, म्हणे. मी कधी सोडून पाहिली नाही. आणि आजही इथे पहिली कळशी दुसऱ्यासाठी ओढतात. तेव्हा प्राध्यापकसाहेब, शब्द कुणाचा ते सावकाश लिहा. मघापासून बोलून माझा घसा कोरडा पडलाय, आणि तुमच्यातल्या एकाचाही हात अजून दोराकडे गेलेला नाही.