अरुंधती कुठल्या बाजूला

"…आणि हे कशासाठी?" बुवांनी विचारलं.

ही सातवी वस्तू. हेरंब देवळाच्या ओट्यावर एकेक काढून मांडत होता आणि बुवा बाजारात भाजी निवडावी तसे प्रत्येक वस्तू उचलून बघत होते.

"हा पट्टा, बुवा. लेन्सला गुंडाळायचा. गरम राहतो. मग काचेवर दव बसत नाही."

"म्हणजे स्वेटर."

"तसंच म्हणा."

"आणि ही पेटी?"

"हिच्यावर कॅमेरा बसवायचा. आकाश फिरतं ना, त्याच वेगानं ही कॅमेरा फिरवते. चार मिनिटं उघडा ठेवला तरी ताऱ्याची रेघ होत नाही. ठिपका तो ठिपकाच राहतो."

बुवांनी मान डोलावली. ते त्यांना आवडलेलं दिसलं.

धुंडिबुवा उपाध्ये आमच्या कुसवडे गावचे जोशी, गावातली लग्नं लावणारे. वय ऐंशीच्या पुढं. गावातलं घर पुतण्याला देऊन ते वर पठारावर, सिद्धनाथाच्या देवळात राहायला आले, त्याला बरीच वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. रोज संध्याकाळी चढून वर जायचं, बुवांबरोबर सुपारी खायची, काळोख पडला की उतरायचं, हा माझा नेम. बायको म्हणते, शाळेत एवढं वेळेवर कधी गेला नव्हतात.

हेरंब टिळेकर पुण्याचा. वय चौतीस-पस्तीस. तारांगणाचे फोटो काढतो. आमच्या पठारावर दिवे नाहीत म्हणून या वर्षात तिसऱ्यांदा आला होता. त्याचे फोटो मासिकांत येतात, त्याला बक्षिसं मिळालीत. हे आम्हाला कसं कळलं म्हणाल तर त्यानंच सांगितलं, पहिल्या दहा मिनिटांत.

"पन्नास जणांना मी आकाश शिकवलंय, बुवा," तो त्या दिवशीही म्हणाला. "पहिल्या दिवशी मी त्यांना एकच सांगतो. डोळ्यांवर विसंबू नका. डोळ्याला दिसून दिसून किती दिसणार? दोन-अडीच हजार तारे. ह्याला लाखो दिसतात."

त्यानं कॅमेऱ्यावर थोपटलं.

"डोळा म्हणजे जुनं मॉडेल झालं."

मी सुपारी कातरत होतो. मनात म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. पण तोंड उघडलं नाही. बुवांच्या समोर बसलं की माझी मास्तरकी जरा आवरती राहते.

"बरं," बुवा म्हणाले. "हा बघतो. ही पेटी फिरते. पट्टा ऊब देतो. मग तू काय करतोस?"

"मी?"

"हो. तू."

"मी मागच्या पडद्यावर बघतो. बरोबर येतंय की नाही ते."

"आणि वर?"

"वर कशाला बघायचं?"

हे जरा फार पटकन आलं. मास्तरांना असली उत्तरं ओळखता येतात. गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोराचा आवाज असाच येतो.

बुवांनी हातातली पेटी हळूच ओट्यावर ठेवली.

सूर्य नुकताच गेला होता. मला अजून समोरचा वड दिसत होता, त्याच्या पारंब्या दिसत होत्या. हेरंब कॅमेऱ्याची तिपाई आणायला उठला, ओट्यावरून उतरला आणि पायरीला अडखळून गुडघ्यावर आपटला.

"लागलं का रे?" मी विचारलं.

"नाही नाही. बूट सरकला."

"तिसऱ्यांदा आलास," बुवा म्हणाले. "तिन्ही वेळा त्याच पायरीला सरकला."

हेरंब तसाच गुडघ्यावर राहिला. उठावं की बसावं हे ठरेना त्याचं.

"इकडे ये. बस," बुवा म्हणाले. "कधीपासून दिसत नाही?"

खरं सांगतो, मला वाटलं बुवा चेष्टा करतायत. हेरंबच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा कळलं.

तो चाचपडत ओट्यावर येऊन बसला. हाताशी कॅमेऱ्याचं झाकण होतं, ते उगाच लावत-काढत राहिला.

"दीड वर्ष," तो म्हणाला. "त्याच्या आधीही कमी होतंच. मला वाटायचं शहरात दिवे फार, म्हणून दिसत नसेल. मग एकदा शिबिरात सगळी पोरं आकाशगंगा बघून ओरडायला लागली आणि मी… मी त्यांच्याबरोबर ओरडलो."

"मग?"

"डॉक्टरकडे गेलो. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचं जातं. मग कडेकडेनं दिवसाचं. उपाय नाही म्हणाले. किती वर्षं, तेही सांगता येत नाही म्हणाले."

"आता काय दिसतं?"

"चंद्र दिसतो. शुक्र कधी कधी. बाकी सगळं… काळं."

उठून जावं की बसावं, मला कळेना. बसलो. इतका वेळ ज्याला मनात नावं ठेवत होतो, त्याच्याकडे बघायची आता लाज वाटत होती.

"ही सगळी सामग्री?" बुवांनी विचारलं.

"त्याच्यानंतर घेतली. आधी माझ्याकडे साधा कॅमेरा होता."

"घरी ठाऊक आहे?"

"नाही. बायकोला वाटतं मी रात्र रात्र तारे बघत बसतो." त्याचा आवाज चिरकला. "मला भीती वाटते, बुवा. आकाशाशिवाय मला दुसरं काही येत नाही. हेच गेलं तर मी कोण?"

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"शास्त्रात म्हणतात," बुवा म्हणाले, "ज्याला अरुंधती दिसत नाही, तो सहा महिन्यांत जातो."

"दीड वर्ष झालं मला."

"मग यमाला तुझा पत्ता सापडलेला नाही."

हेरंब हसला. डोळे पुसत हसला, पण हसला. मलाही हसू आलं आणि जरा हायसं वाटलं.

मग तो उठून कामाला लागला. काम करताना माणसाचं बरं चालतं. तिपाई उभी केली, पेटी बसवली, कॅमेरा उत्तरेकडे वळवला. सगळं हातानं, सवयीनं. काळोख पडेपर्यंत त्याची फोटोंची माळ सुरू झाली. एकामागून एक चार-चार मिनिटांचे फोटो, मधे कुठं उजेड शिरता कामा नये. चंद्र उगवायच्या आत तीस काढायचे आहेत, म्हणाला.

सातवा-आठवा चालू असेल, तेवढ्यात पायवाटेवरून मोबाईलच्या टॉर्चचे दोन झोत वर आले. थेट कॅमेऱ्यावर.

"टॉर्च बंद करा," हेरंब केवढ्यांदा ओरडला. "कोण आहे? गेला फोटो."

"बुवा आहेत का?" खालून एका मुलीचा आवाज आला. बिचारी दचकली होती.

ही वृषाली. आमच्या पाटलांच्या शेजारची. त्याच दुपारी तिचं लग्न लागलं होतं आणि मागून येत होता तो नवरा मुलगा धैर्यशील. शालू तसाच, फेटा तसाच, मुंडावळ्या गळ्यात उतरलेल्या.

आता हे सांगायला हवं. लग्नात नवराबायकोला अरुंधती दाखवतात. सप्तर्षींमध्ये वसिष्ठ आणि त्याला चिकटून अरुंधती, जोडीनं राहणारी. पण हल्ली मुहूर्त भर दुपारचे. मग भटजी मांडवाच्या कापडाकडे बोट करतात, "दिसली का?" म्हणतात, नवरा "दिसली" म्हणतो आणि सगळे जेवायला पळतात. माझं लग्न बायकोच्या गावी लागलं, तिथं मीही हेच केलं. मला झालरीचा एक गोंडा दिसला होता.

बुवांनी हे कधी केलं नाही. दुपारी अरुंधती दाखवणारे भटजी वेगळे, मी नव्हे, असं ते तोंडावर सांगायचे. मंगलाष्टकं म्हणायचे, सप्तपदी करायचे आणि शेवटी म्हणायचे, एवढं एक राहिलंय, रात्री वर या. गावातल्या जोड्या मग लग्नाच्या रात्री पठार चढून यायच्या. त्याशिवाय लग्न पुरं झालं असं आमच्या बायका मानत नाहीत.

"या, या," बुवा म्हणाले. "हेरंब, दाखव यांना."

"काय?"

"अरुंधती."

हेरंबनं बुवांच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"बुवा, आत्ताच तुम्हाला सांगितलं ना…"

"ऐकलं मी."

"मग मी कसा दाखवणार?"

"पन्नास जणांना दाखवलीस की."

मला बुवांचा राग आला. हा खेळ मांडायची ही वेळ होती का? माणसानं जीव उघडा करून ठेवला आणि ह्यांनी त्याला नव्या जोडप्यापुढं उभं केलं. मी म्हणणार होतो, बुवा, तुम्हीच दाखवा.

"थांबा," हेरंब म्हणाला.

तो जोडप्याशी बोलत होता.

"टॉर्च बंद करा आधी. दोन्ही. मोबाईल खिशात घाला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते, दहा मिनिटं तरी."

मग तो कॅमेऱ्याकडे गेला. मागच्या पडद्याचा उजेड त्याच्या छातीवर पडला होता. जरा घुटमळला… आणि माळ तोडून त्यानं कॅमेरा बंद केला. पेटीची बारीक घरघर थांबली.

दहा मिनिटं आम्ही पाच माणसं नुसती उभी होतो. वृषालीच्या बांगड्या वाजल्या की तेवढाच आवाज.

मग बुवा हेरंबच्या मागे जाऊन उभे राहिले. त्याचा हात कोपरात धरला, वर उचलला, जरासा उजवीकडे नेला आणि थांबवला.

"बोल," ते म्हणाले.

"माझ्या बोटाच्या रेषेत बघा," हेरंब बोलू लागला. पहिल्यांदा आवाज कापला, मग सापडला. "सात मोठे तारे आहेत. चारांचा चौकोन, तिघांची शेपटी. आकाशात पालथा पडलेला पळा असावा तसं. मिळाला?"

"मिळाला," वृषाली म्हणाली.

"शेपटीचं टोक धरा. तो मरीची. त्याच्या अलीकडचा वसिष्ठ. आता दुसरीकडे बघू नका. वसिष्ठावरच थांबा. त्याला अगदी चिकटून एक बारीक तारा आहे. घाई करू नका, ती हळूहळू येते."

"दिसली," धैर्यशील म्हणाला.

हेरंबनं मान वळवली.

"कुठल्या बाजूला?"

"आँ?"

"वसिष्ठाच्या कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे," धैर्यशील म्हणाला. हात दाखवून अवलक्षण. "वरती. डावीकडे."

वृषालीला हसू फुटलं.

हेरंब मात्र हसला नाही. तो हात तसाच वर धरून हळू आवाजात म्हणाला, "दिसली नसेल तर नाही म्हणावं, राव. लाज कसली त्यात? मी दीड वर्ष दिसली दिसली म्हणत होतो. फार दमायला होतं."

धैर्यशीलनं पुन्हा एकदा वर बघितलं. मग म्हणाला, "नाही दिसली."

"बरं झालं सांगितलंत. आता थेट वसिष्ठावर नजर रोखू नका. किंचित बाजूला बघा आणि ध्यान मात्र त्याच्यावरच ठेवा. बारीक तारा असाच हाती लागतो. श्वास सोडा… बघा."

कितीतरी वेळ गेला. हेरंबचा हात बुवांनी खालून पेलला होता.

"आहे की," धैर्यशील म्हणाला. अगदी बारक्या आवाजात, स्वतःशीच बोलावं तसा. "उजव्या बाजूला. जरा खाली."

"मला केव्हाची दिसतेय," वृषाली म्हणाली.

हेरंबनं हात खाली घेतला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्याला आठवण नव्हती. माझीही गत फार वेगळी नव्हती. मी गुपचूप मान वर केली. चाळीस वर्षांपूर्वी गोंडा बघितलेल्या माणसानं त्या रात्री पहिल्यांदा अरुंधती बघितली.

जोडपं बुवांच्या पाया पडलं. मग वृषाली वळली आणि हेरंबच्याही पाया पडली. तो मागे सरकला, पण ती वाकलेली होती. "सर, खूप छान दाखवलीत," ती म्हणाली आणि दोघं हातात हात धरून, टॉर्च न लावता पायवाट उतरू लागली.

त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा हेरंब बोलला.

"बुवा, आज जमलं. पण माझा हात तुम्ही धरला होता. तुम्हाला दिसत होती म्हणून जमलं. मी एकटा असेन तेव्हा काय करू?"

बुवा ओट्यावर टेकले.

"मला ती शेवटची दिसली, हेरंब, ते ह्या पोरीच्या आईच्या लग्नात."