‘नाही’ गिळलेला मासा

एका राज्यात, चार डोंगर आणि एक गार पाण्याचं तळं एवढाच ज्याचा पसारा, भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्याकडे हत्ती होते, घोडे होते, हिऱ्यांची पेटी होती. ‘नाही’ तेवढं नव्हतं.

पूर्वी होतं बरं का! चांगलं ठणठणीत होतं. पण एके दिवशी धूम्रजट नावाचा मांत्रिक जेवायला आला. त्याच्या जटांतून सदा धूर निघे आणि त्याला ताकाचं भारी वेड. सहा तांबे प्याला, सातवा मागितला. राजा म्हणाला, “नाही. मडकं रिकामं झालं.” एवढंच. पण मांत्रिक तो मांत्रिक. त्याने पाटावरून उठून राजाच्या घशात दोन बोटं घातली, ‘नाही’ उपटून काढलं आणि खिडकीतून तळ्यात भिरकावलं. दिसायला ते चिंचोक्याएवढं होतं, काळं आणि गुळगुळीत. तळ्यातून एक ठिपक्याठिपक्यांचा मासा उसळला, ज्याला हल्लीचे लोक ट्राउट म्हणतात त्या जातीचा. त्याने ते वरच्या वर झेललं नि गिळलं. झालं! राजाचा शब्द माशाच्या पोटी गेला.

त्या दिवसापासून राजाला कुणी काही मागावं आणि राजाने “हो” म्हणावं. सात वर्षांत राज्यात चौदा प्रधान झाले. सेनापतीने सुट्टी मागितली, मिळाली. सगळ्या सैन्याने मागितली, तीही मिळाली. परीट म्हणाला, “महाराज, सिंहासनावर ऊन छान येतं, धोतरं वाळत घालू का?” तेव्हापासून राजा दरबारात उभाच राहू लागला.

इथवर लोकांनी हसून घेतलं. पण सातव्या वर्षी धूम्रजटाचा कावळा निरोप घेऊन आला. “राजा, माझ्या गुहेत दह्याची तीनशे मडकी आहेत आणि घुसळायला माणूस मिळत नाही. म्हणून लग्न करायचं ठरवलंय. आजपासून तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं की येतो आणि तुझी मुलगी मागतो.” कावळ्याने शिधा मागितला, तोही त्याला मिळाला.

राजाची मुलगी एकच, सुकेशिनी. ती धावत बापाकडे गेली.

“बाबा, तो मला मागेल तेव्हा तुम्ही काय म्हणाल?”

“हो म्हणेन गं,” राजा म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला. “जीभ माझं ऐकायचं केव्हाच सोडून बसलीय.”

“मग तुमचं तोंड बांधू?”

“हो.”

तिने उपरण्याने त्याचं तोंड गच्च बांधलं आणि विचारलं, “मांत्रिकाला मुलगी द्याल?” राजाने मान डोलावली. वरखाली! आडवी हलवायला गेला तर मानेत उसण भरली. तिने उपरणं सोडलं.

“मी पळून जाऊ?”

“हो, जा!”

आता हे राजाचं मत की त्याची खोड, ते कसं कळावं? आणि पळून उपयोग काय? मांत्रिक म्हणाला असता, “शोधून आणून देतोस?” पुढचं उत्तर तुम्हीच सांगा.

तेव्हा सुकेशिनीने डोळे पुसले आणि ठरवलं, तो मासा पकडायचा.

तो पकडायचा प्रयत्न आधी झाला नव्हता असं नाही. पण राजवाड्याची रीत अशी की दारात येईल त्याचा पाहुणचार मुदपाकखान्यातूनच व्हायचा. मासा झाला म्हणून काय झालं, राजाचा शब्द त्याच्या पोटात! म्हणून दरबारी मंडळी गळाला केशरी भाताचा गोळा लावीत, जिलबी लावीत, सणावारी पुरणपोळीची गुंडाळी लावीत. मासा पाण्यावर तोंड काढून म्हणे, “नाही.” मग दरबारात चर्चा होई आणि आचारी बदलला जाई. सात वर्षांत एकतीस आचारी गेले. दुसरं काही करून पाहावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही, आता बोला!

पहिल्या दिवशी सकाळी सुकेशिनी वेळूची काठी आणि रेशमाची दोरी घेऊन काठावर उभी राहिली. लव्हाळ्यावर एक खंड्या बसला होता, निळा आणि मोठा फुशारकीचा.

“राजकन्ये,” खंड्या म्हणाला, “खाली बस. तुझी सावली पार मधोमध पडलीय. मासे आंधळे नसतात.”

ती चिखलात बसली. खंड्याच्या सांगण्यावरून तिने ओली माती उकरून एक गांडूळ काढलं, ईऽऽ करून दोनदा टाकलं, तिसऱ्यांदा गळाला ओवलं. दोरीला मोरपिसाचा देठ बांधून तो पाण्यावर तरंगत ठेवला. देठ बुडाला की मासा लागला असं समजायचं. गांडूळ तळाशी वळवळू लागलं. मासा आला. त्याने गांडुळाभोवती तीन फेऱ्या मारल्या, वर येऊन अदबीने म्हणाला, “नाही,” आणि गेला. देठ संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गवतातला नाकतोडा धरला आणि जिवंतच गळाला लावून पाण्यावर सोडला. नाकतोडा तंगड्या झाडू लागला, पाण्यावर गोल गोल वलयं उठली. मासा खालून वर आला. इतका जवळ आला की त्याच्या अंगावरचे लाल ठिपके मोजता यावेत. नाकतोड्याच्या पुढ्यात त्याने तोंड उघडलं.

“नाही,” मासा म्हणाला.

“नाही काय नाही!” राजकन्या ओरडली. “नाही म्हणायला काय झालं? खाऊन तर बघ मेल्या! एक घास!”

“नाही. नाही.”

सुकेशिनीने काठी फेकून दिली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. उद्या दुपारी गुहा. तीनशे मडकी. जन्मभर ती रवी, ती दोरी आणि तो धूर. सोडवायला कोण येणार? चौदा प्रधान?

खंड्याला राहवलं नाही. तो म्हणाला, “रडतेस काय? एक प्रश्न विचार की.”

“कोणता?”

“सात वर्षं जो सगळ्याला नाही म्हणतो, तो जगला कसा?”

राजकन्येने डोकं वर केलं. खरंच की! मासा रोडावला होता, पण मेला नव्हता. काहीतरी पोटात जात असणारच.

“तुला ठाऊक आहे?”

“सात वर्षं पाहतोय. कुणी विचारलं नाही.”

“सांग. बाबांकडून तुला सरदारकी मिळवून देते.”

“नको. या राज्यात सरदार नसलेला मी एकटाच उरलोय, तेवढी अब्रू राहू दे. गप्प बस आणि पाण्याकडे बघ.”

ऊन उतरू लागलं होतं. तळ्याच्या बुडातून बारीक तपकिरी माश्या वर येत, पाण्यावर टेकत आणि ओले पंख वाळवीत बसत. मासा प्रत्येकीच्या खाली येई आणि म्हणे, “नाही.” दुसरीला, “नाही.” तिसरीलाही तेच. पण एखादी माशी पंख वाळून उडू लागली, पाण्यापासून बोटभर उचलली गेली, की मासा गपकन उसळे आणि तिला गिळून टाकी! मग भरल्या तोंडाने म्हणे, “नाही.”

“समजलं!” सुकेशिनी उठून उभी राहिली आणि लगेच खाली बसली. “पुढ्यात असलं की नाही म्हणायला त्याला वेळ मिळतो. निसटू लागलं की तोंड आधी जातं आणि शब्द मागून येतो.”

“शहाणी आहेस,” खंड्या म्हणाला. “उशिरा आहेस, पण आहेस.”

तिसऱ्या दिवशी पहाटे तिने शिवणाची बारीक सुई तापवून वाकवली. तिच्यावर आपल्या शालीचा तपकिरी धागा गुंडाळला. पिसं खंड्याकडे मागितली.

“निळं देणार नाही,” खंड्या म्हणाला. “पोटाखालची तांबूस दोन घे. हळू! अगं आई गं!”

अशी पिसांची माशी झाली. मग रेशमी दोरी टाकून तिने घोड्याच्या शेपटीचे केस वळले आणि टोकाला आपला स्वतःचा एक लांब केस बांधला, कारण रेशीम माशाला दिसतं, केस दिसत नाही.

आता ती माशी पाण्यावर पडायला हवी ना? पहिल्या फेकीला ती राजकन्येच्या वेणीत अडकली. दुसऱ्या फेकीला खंड्याच्या शेपटीत अडकली, आणि तो जे बोलला ते मी इथे सांगत नाही. तिसऱ्या फेकीला कापूस उतरावा तशी अलगद पाण्यावर उतरली.

मासा माशीच्या खाली आला. “नाही,” म्हणाला.

सुकेशिनी हलली नाही. ऊन चढत होतं. पलीकडच्या डोंगरावर धुराची रेघ दिसू लागली, मांत्रिक निघाला होता. तरी तिने काठी तशीच धरली. मासा आणखी वर आला, माशीला नाक लावलं आणि पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात तिने काठीचं टोक हलकेच वर उचललं. माशी पाण्यावरून बोटभर उठली.

गपकन! काठी वाकली.

“ओढू नकोस!” खंड्या किंचाळला. “केस आहे तो! तो पळेल तेव्हा सैल सोड, तो थकेल तेव्हा घे!”

मासा तळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. ती कमरेपर्यंत पाण्यात उतरली, पडली, उठली, दोन घोट पाणी प्याली. तो पळाला की सोडी, तो थांबला की घेई. अखेर मासा कुशीवर वळला आणि तिने त्याला पदरात घेतला.

गळ सोडवताच माशाच्या तोंडातून काळा चिंचोका टपकन पडला.

“हो!” मासा म्हणाला. “हो! अहाहा, हो! ताई, सात वर्षांचा उपाशी आहे मी. केशरी भात आठवला की अजून जीव तुटतो! काही आहे का खायला?”

कालचा नाकतोडा होता. माशाने तो खाल्ला, दोनदा हो म्हणाला आणि पाण्यात गेला.

राजकन्या चिंचोका मुठीत धरून धावत सुटली. दरबारात धूर कोंदला होता. सिंहासनावर धोतरं वाळत होती, राजा शेजारी उभा होता आणि धूम्रजट म्हणत होता, “राजा, तुझी मुलगी मला देतोस?”

राजाचे ओठ वळले. “ह—”

सुकेशिनीने नेम धरून चिंचोका त्याच्या उघड्या तोंडात फेकला. राजाने आवंढा गिळला. त्याचे डोळे मोठे झाले. मान आधी थोडी, मग पुरती, चांगली आडवी हलली.

“नाही,” राजा म्हणाला.

“अर्धं राज्य?”

“नाही.”

“निदान चौदांतला एक प्रधान? तोही घुसळेल!”

राजा इथे जरा घुटमळला, खोटं कशाला सांगू? पण म्हणाला, “नाही.”

तीन नकार ऐकले की मांत्रिकाचा मंत्र सुटतो. धूम्रजटाचा पायापासून धूर झाला आणि तो खिडकीतून निघून गेला. सात वर्षांची हौस राजाने त्याच दुपारी फेडली. तेरा प्रधानांना नाही, सेनापतीच्या सुट्टीला नाही, परटाला नाही. धोतरं उतरली, राजा बसला आणि राज्याची घडी बसली.

संध्याकाळी सुकेशिनी ओल्या केसांनी त्याच्यापाशी आली.

“बाबा, मला रोज तळ्यावर जायचंय. एकटीने. मासे धरायला. जाऊ?”

राजाने तिच्या खरचटलेल्या हातांकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, दाढी खाजवली, विचार केला. सात वर्षांत तिने मागितलेलं सगळं क्षणात मिळालं होतं, आणि त्यातलं बापाने दिलेलं कोणतं हे तिला कधी कळलं नव्हतं.

“हो,” राजा म्हणाला. “पण गुडघ्याच्या वर पाण्यात नाही. आणि दिवेलागणीच्या आत घरी.”

“बाबा! एवढ्या लवकर?”

“नाही म्हणजे नाही.”

राजकन्येने पाय आपटले, गाल फुगवले आणि मग बापाच्या गळ्यात पडून पोटभर रडली.