हौसाक्काची वहाण

लाकडी पायलीनं धान्य मोजायचे, त्या काळातली ही गोष्ट. बालाघाटच्या डोंगरात निंबळज नावाचं गाव आणि गावाला एकच दगडी बारव. तिची राखण हौसाक्काकडे. रोज सकाळी ती पायऱ्या उतरायची आणि पाणी जिथवर असेल, त्या पायरीवर चुन्याचं बोट ओढायची. पंचवीस वर्षांत एक दिवस चुकला नाही, असं म्हणतात.

एका वैशाखात नवल घडलं. आभाळात ढगाचं चिरगूट नाही आणि पाणी तीन दिवसांत सात पायऱ्या चढलं. गाव हरखलं. देवी पावली! चौथ्या दिवशी तान्ह्या लेकरांसकट सगळं गाव बारवेतल्या देवीची ओटी भरायला खाली उतरलं.

हौसाक्काची नजर मात्र चुन्याच्या खुणेवर. बघता बघता पाणी गढूळलं आणि खुणेखाली दोन पायऱ्या उतरलं.

“पाटील, समदे वर चला. पंचा पिळला की पाणी सुटतं, तशी भुई कुणीतरी पिळलीया. आता पीळ सुटणार!”

“हौसे, देवी पावली तर तुझं का पोट दुखतंय?” रंगराव पाटील म्हणाले. “हिला आधी नैवेद्य वाढा रे!” बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

हौसाक्का पायऱ्या चढून वर गेली. सगळ्यांना वाटलं, रुसली. वर तिनं एका पायात वहाण घातली, दुसरी उचलली आणि नेम धरून देवीच्या पाण्यात भिरकावली.

“धरा तिला!”

म्हातारे काठ्या विसरून धावले, बाया लेकरं काखोटीला मारून धावल्या. हौसाक्का पुढं, गाव मागं. माळावर ती थांबली. पाटलांनी काठी उगारली, आणि भुई बैलाच्या पाठीसारखी थरथरली. मागं बारव तोंड मिटावं तशी मिटली. आत माणूस एक नव्हतं. काठी पाटलांच्या हातून आपोआप गळाली.

तिचं अनवाणी पाऊल जिथं टेकलं होतं, तिथं खडक उलला आणि झरा फुटला, असं म्हणतात.

आता त्या झऱ्याला पायऱ्या आहेत. दुसरीकडे तीर्थावर अनवाणी जातात. निंबळजला एका पायात वहाण ठेवूनच उतरायचं. चुन्याचं बोट ओढायची रोज एका घराची पाळी. मी कापड विकायला तिथं गेलो तेव्हा पाटलांच्या घरची सून बोट ओढत होती. म्हटलं, “वहिनी, पाणी वाढलं तर आनंदच की!”

“व्हय,” ती म्हणाली, “पण आधी आम्ही वर येतो. मग हात जोडतो.”